तेरावा फॉर्म

आमच्या गेमचा हिरो तीन वर्षं एका बुडालेल्या शहरात अडकून पडला होता. अंगात ओला कोट, उजव्या मनगटाला बांधलेली लांब साखळी आणि साखळीच्या टोकाला लोखंडी आकडा. ह्या आकड्यानं तो शत्रूंना खेचायचा, बंद दारं उपटायचा आणि तुटलेल्या पुलांवर झोका घेऊन पलीकडे जायचा. मी त्याला रोज सकाळी नऊपासून मारायचो. भिंतीवर आपटून मारायचो, पाण्यात बुडवून मारायचो, जिन्यावरून ढकलून मारायचो, आणि तो कुठे चुकीचा मेला ते लिहून ठेवायचो. मिल्टन कीन्समधल्या एका लहानशा गेम स्टुडिओत मी टेस्टर होतो. पुण्यात बँकांची सॉफ्टवेअरं तपासून कंटाळलो होतो, म्हणून वर्क परमिट घेऊन हे करायला आलो होतो.

माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "दिवसभर व्हिडिओ गेम खेळायला तुला तिकडे नेलंय?" असं ते फोनवर विचारायचे, आणि नातेवाइकांना मात्र "तो तिकडे आयटीत आहे" एवढंच सांगायचे. त्यांना समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला. एकाच जिन्याच्या एकाच पायरीवर दोनशे वेळा उडी मारणं म्हणजे खेळणं नव्हे, पण ज्यानं ते केलं नाही त्याला कसं पटवणार.

स्टुडिओ म्हणजे दोन राउंडअबाउटांच्या मध्ये, एका कार्पेटच्या गोदामामागे असलेलं दुमजली ऑफिस. माणसं बावीस. मिल्टन कीन्स ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, तिथे सगळंच दोन राउंडअबाउटांच्या मध्ये असतं. ज्याच्याकडे गाडी नाही तो रेडवे नावाच्या लाल पायवाटांवरून झाडीतून चालत राहतो आणि त्याला कुत्रा फिरवणाऱ्यांखेरीज कुणी भेटत नाही. पहिली दोन वर्षं मी तसाच चालत ऑफिसला गेलो. मग बायको गाडी शिकली.

बायको फिजिओथेरपिस्ट. माझ्यामागून ती आली तेव्हा तिला इथे काम करण्यासाठी आधी रजिस्ट्रेशन मिळवायला लागणार होतं. कोणता विषय किती तास शिकलात, कोणत्या वॉर्डात किती आठवडे होतात, ह्या सगळ्याचे दाखले पुण्याच्या कॉलेजातून मागवायचे, ते अपुरे निघायचे, पुन्हा मागवायचे. ह्यात दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात तिनं घरातल्या खिडक्या इतक्या वेळा पुसल्या की मला घरी जायची धास्ती वाटायची. शेवटी रजिस्ट्रेशन आलं, तिसऱ्या खेपेला ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, हॉस्पिटलात नोकरी लागली. पांढरा ट्यूनिक घालून ती संध्याकाळी घरी यायची आणि जेवताना पेशंटांचं सांगत राहायची: कुणाचा हात आज डोक्यापर्यंत गेला, कोण चार पावलं टाकून रडलं. लग्नातसुद्धा ती एवढी खूश नव्हती, आणि मी तिथे होतो.

पण तिच्या पासपोर्टवरचा शिक्का माझ्या शिक्क्याला बांधलेला होता. मी इथे, तर ती इथे. पाच वर्षं पुरी झाली की कायमचं राहता आलं असतं, आणि आमची सव्वातीन झाली होती. स्टुडिओ बुडाला तर बाकीचे एकवीस जण दुसऱ्या गावी दुसऱ्या स्टुडिओत गेले असते. आम्हाला विमानच पकडायला लागलं असतं. म्हणून तो ओल्या कोटातला माणूस पाण्याबाहेर निघून एकदाचा दुकानात पोचावा, ह्याची मला जेवढी काळजी होती तेवढी ऑफिसात दुसऱ्या कुणाला नसेल.

दुसऱ्या एका माणसाला मात्र होती. गेम ज्याच्या डोक्यातून निघाला तो डिझायनर पन्नाशीचा, एडिनबराचा. बायको-मुली तिकडे, हा इथे भाड्याच्या एका खोलीत. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी ट्रेननं घरी जायचा. बोलायचा कमी. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर त्याच्या शंका लिहिलेल्या असायच्या, एकेका ओळीच्या. शंका फिटली की तो ती पेनानं खोडायचा. कागद भरला की नवा लावायचा.

लंडनच्या ज्या पब्लिशर कंपनीच्या पैशावर आम्ही जगत होतो, तिला दर दोन-तीन महिन्यांनी काम दाखवायला लागायचं. त्यांनी मान डोलावली की पुढचे दोन-तीन महिने निश्चिंत. त्या वसंतात त्यांनी नवीच मागणी केली. पुढच्या वेळी गेमबरोबर बाहेरच्या अठरा माणसांचा अभिप्राय पाठवा. ज्यांनी हा गेम कधी पाहिलेला नाही अशी माणसं बसवा, खेळू द्या, काय म्हणतात ते लिहून कळवा. अशी माणसं गोळा करून देणाऱ्या एजन्सी असतात, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मॅनेजरनं सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारलं, कोण किती माणसं आणू शकेल? कुणी म्हणालं दोन, कुणी म्हणालं एक, कुणी म्हणालं माझे सगळे मित्र इथेच काम करतात.

मी म्हणालो, "बारा."

मला मोठेपणा नडला. सव्वातीन वर्षं त्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून मी फक्त काय बिघडलंय तेच सांगत आलो होतो. पहिल्यांदाच सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते आवडलं.

बारा माणसं कुठून आणायची ते मला पक्कं माहीत होतं. तिथलं मराठी मंडळ महिन्यातून एकदा कौन्सिलच्या हॉलमध्ये जमायचं. हॉस्पिटलमधले डॉक्टर, बँकांच्या आयटीतली पुण्या-मुंबईची मंडळी, त्यांच्या बायका, नवरे. मी शब्द टाकला आणि दहा मिनिटांत बारा नावं लिहून झाली. नाही म्हणण्याची आपल्यात पद्धतच नाही.

डिझायनरनं मला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. त्यानं आयुष्यात असे अनेक गेम लोकांपुढे ठेवले होते. तो म्हणाला, खेळणाऱ्याच्या मागे बस, बाजूला बसू नकोस. हात खिशात, तोंड बंद. तो अडकला तर अडकू दे. त्यानं विचारलं तरी सांगू नकोस, कारण गेम विकत घेऊन घरी नेल्यावर तू त्याच्या सोफ्यावर बसलेला नसशील. मग म्हणाला, "आणि फॉर्मवर काय लिहितात त्याला फार किंमत देऊ नकोस. माणसं चांगली असतात, चांगलंच लिहितात. वेळ संपली असं सांगितल्यावर कंट्रोलर खाली ठेवतात की नाही, तेवढं बघ."

मी मान हलवली. मला वाटलं, हे तर मला कळतंच.

शनिवारी सकाळी दहाला मंडळी आली. आणि मी पहिली चूक तिथेच केली, किंवा खरं तर आदल्या संध्याकाळीच केली होती. बायकोला म्हणालो होतो, "बारा माणसं येणार, सुट्टीच्या दिवशी, आपल्या शब्दावर. काहीतरी करायला नको का?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटाटे उकडायला ठेवले. बटाटेवडे, हिरवी चटणी, शिरा, थर्मासमध्ये आल्याचा चहा. ऑफिसातल्या किचनमधल्या टेबलावर पेपर प्लेट्स मांडल्या. एक प्रोग्रॅमर काहीतरी न्यायला आला होता, तो वड्यांच्या वासानं थांबला आणि विचारायला लागला की आज कुणाचा वाढदिवस आहे का.

बारा जणांत एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, साठीच्या जवळ आलेले, मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणायचे. ते कोट-टाय घालून आले होते. त्यांना सगळ्यात पुढचा टीव्ही दिला. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "बरं का, मी आयुष्यात पहिल्यांदा हे धरतोय. पण तू म्हणालास म्हणून आलो."

आता तो पूल. गेम सुरू झाल्यावर पाचएक मिनिटांत पहिला तुटका पूल यायचा. धावत जायचं, कडेला आकडा फेकायचं बटण दाबायचं, पलीकडच्या खांबात आकडा अडकायचा, झोका घेऊन पार. पण बटण दाबलं की हिरो आधी साखळी गोळा करायचा, मग खांदा मागे घ्यायचा, आणि मग फेकायचा. दिसायला फार देखणं होतं ते. आमच्या ॲनिमेटरनं त्यावर कितीतरी आठवडे घालवले होते. पण तेवढ्या वेळात पूल संपायचा आणि हिरो पाण्यात पडायचा. आम्हाला हे जाणवतच नव्हतं. तीन वर्षांत आमच्या अंगठ्यांना सवय झाली होती. पूल दिसला की अंगठा आपोआप आधीच खाली जायचा.

काका पडले. पुन्हा धावले, पुन्हा पडले. मी त्यांच्या मागे खुर्चीवर, हात खिशात. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. साठीचा माणूस, शनिवारी टाय लावून माझ्या शब्दाखातर आलेला, माझ्या दारात पाण्यात पडतोय आणि मी खिशात हात घालून बघत बसलोय. मला ते जमेना. आपल्याकडे पाहुण्याच्या पानातली पोळी संपायच्या आत दुसरी वाढतात.

"काका, जरा आधी दाबा," मी म्हणालो. "कड यायच्या आधी. हां. आता."

काका पार झाले. टाळ्या पडल्या. मग मी उठलो तो बसलोच नाही. एका टीव्हीवरून दुसऱ्या टीव्हीवर, पंगतीत वाढावं तसा फिरत राहिलो. "आधी दाब, आधी." "अगं थांब, इथे उजवीकडे शिडी आहे." "अजून एक लेव्हल बघ ना, पुढे मस्त आहे." माझ्याच वयाचा आयटीतला मित्र म्हणाला, "अरे कसली ग्राफिक्स आहेत रे, टू गुड." त्याची बायको म्हणाली, "तुम्ही हे सगळं इथे बसून बनवता? ब्रिलियंट." मी ते कान भरून ऐकत होतो. साडेअकराला मी म्हणालो, "चला, चहा तयार आहे," आणि बाराही जण उठले. बारा कंट्रोलर एकदम टेबलावर ठेवले गेले. तो आवाज मला आजही आठवतो. त्या वेळी मला फक्त वडे गार होतील एवढीच चिंता होती.

फॉर्म त्यांनी वडे खाल्ल्यावर भरले. गेम कसा वाटला, दहापैकी किती. नियंत्रण कसं वाटलं, दहापैकी किती. पुन्हा खेळायला आवडेल का. ज्याच्या घरचा वडा हातात आहे त्याला माणूस दहापैकी किती देणार? आठ, नऊ, नऊ, आठ. काकांनी दहा दिले आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं की संपूर्ण टीमला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. एकीनं गेमच्या रकान्यात शिऱ्याची स्तुती केली. पुन्हा खेळायला आवडेल का, ह्यापुढे बारा वेळा "हो". मी नंतर इंग्लंड सोडेपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना मंडळात भेटत होतो. गेम कधी येतोय, असं एकानंही विचारलं नाही.

मंडळी गेल्यावर मी प्लेट्स गोळा करत होतो, तेव्हा मदतीला आलेली बायको कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर बसलेली दिसली. आमची गडबड चालू असताना ती तिथे एकटीच खेळत होती. मला तिच्याकडे बघायलाही सवड झाली नव्हती. तिनंही एक फॉर्म भरून ठेवला होता. तेरावा.

गेम: तीन. नियंत्रण: एक. पुन्हा खेळायला आवडेल का: नाही. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, "मी अकरा वेळा पुलावरून पडले. मी सांगते तेव्हा त्याचा हात उठत नाही, उशिरा उठतो. स्ट्रोकनंतर पेशंटचा उठतो तसा. आपणच चुकतोय असं वाटून वैताग येतो."

मी ते वाचून हसलो. म्हणालो, "अगं, तू गेम कधी खेळतेस? सवय लागते त्याला."

ती म्हणाली, "मग ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठीच बोलावलं होतं ना आज सगळ्यांना?"

मला राग आला. पहाटेपासून तिनंच सगळं केलं होतं, आणि शेवटी हे. तेव्हा राग आल्याची आता लाज वाटते, पण आला होता हे खरं. मी तो फॉर्म घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. घरच्यांचं मत कोण धरतं, असं मनाशी म्हणालो. पाहुण्यांचे बारा रिपोर्टात गेले.

बाकीच्यांनी मिळून सहा माणसं आणली होती. त्यांतल्या दोघांनी पुलाबद्दल तक्रार केली होती. अठरात दोन. मी रिपोर्टात लिहिलं की बहुसंख्य खेळाडूंना पहिला पूल ओलांडायला अडचण आली नाही. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, माझे बाराही जण पार झालेच होते.

सोमवारी डिझायनरनं रिपोर्ट दोनदा वाचला. मग विचारलं, "तुझे बारा. सगळे पूल ओलांडून गेले?"

"सगळे," मी म्हणालो.

"मदत न करता?"

इथे मी गप्प राहू शकलो असतो, तेवढ्यानंही काही वेगळं झालं असतं. मी म्हणालो, "थोडंसं सुरुवातीला." आणि हसलो, आणि तोही हसला. तो वळून भिंतीवरच्या कागदापाशी गेला. कागदावर वरून चौथी ओळ होती: आकडा उशिरा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ती ओळ तिथे कितीतरी दिवसांपासून होती. माझ्यादेखत त्यानं ती खोडली. त्या कामासाठी राखून ठेवलेले दोन आठवडे गेममधल्या शेवटच्या राक्षसाच्या पंखांवर खर्च झाले.

पब्लिशरनं मान डोलावली. पण ती मान पूर्ण खाली गेली नसावी, कारण उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच लंडनमध्ये अनोळखी माणसं बसवली आणि त्याचं रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलं. एका सकाळी आम्ही सगळे मीटिंग रूममध्ये बसून ते पाहत होतो. अर्ध्या पडद्यावर आमचा गेम, अर्ध्यावर खेळणाऱ्याचा चेहरा. मागे कुणी नाही, कुणी बोलत नाही. एक मध्यमवयीन माणूस पुलावरून पडला आणि "सॉरी" म्हणाला. पुन्हा पडला, पुन्हा "सॉरी". कुणाची माफी मागत होता कोण जाणे, पण दर वेळी मागत होता. नवव्या वेळी त्यानं कंट्रोलर हळूच मांडीवर ठेवला आणि घड्याळ पाहिलं. मग एक बाई, मग एक कॉलेजातली मुलगी. जवळजवळ सगळेच त्या पुलापाशी संपले. तीन वर्षं ज्या शहरावर आम्ही काम केलं, ते पुलाच्या पलीकडे होतं, आणि तिथपर्यंत कुणी गेलंच नाही.

मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे काकांचं ओशाळं हसू होतं.

पुढच्या आठवड्यात लंडनहून फोन आला. मॅनेजरनं सगळ्यांना खाली बोलावून सांगितलं की गेम थांबवलाय, आणि दुसरं काम नसल्यामुळे महिनाअखेर स्टुडिओही. तो कागदावरून वाचत होता. कुणी आवाज चढवला नाही. एकानं केटल लावली.

दुपारी डिझायनर माझ्या टेबलापाशी आला. मी उठून उभा राहिलो.

"तुझ्या लोकांपैकी किती जण पडले असते?" त्यानं विचारलं.

"सगळे," मी म्हणालो. मग मी त्याला सगळं सांगितलं. काका, वडे, चहा, आधी दाबा, आणि ड्रॉवरमधून काढून तेरावा फॉर्म त्याच्या हातात दिला. तो त्यानं उभ्यानं वाचला. मला वाटत होतं त्यानं ओरडावं. ओरडला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

"मला एवढंच हवं होतं," तो म्हणाला. "कुणीतरी पडायला हवं होतं." फॉर्मची घडी जशी होती तशी घालून त्यानं तो खिशात ठेवला आणि गेला.

मी अर्ज केले. एडिनबराला, साउथहॅम्प्टनला, आणखी कुठेकुठे. वर्क परमिटचं नाव काढलं की पत्रांतली भाषा एकदम सभ्य व्हायची. बायकोनं तिच्या विभागात चौकशी केली, तिच्या नोकरीवर परमिट निघेल का. तिच्या साहेबबाईंनी प्रयत्न केले, पण त्या वर्षी इथूनच शिकून निघालेल्या मुलामुलींना जागा मिळत नव्हत्या, बाहेरच्यांसाठी परमिट कोण देणार. हे तिनं मला घरी येऊन इस्त्री करता करता सांगितलं. तिनं इतक्या दिवसांत मला एकदाही टोमणा मारला नव्हता. मी रोज वाट पाहायचो.

मग तिनं विचारलं, "माझा फॉर्म त्यात घातला होतास का?"

"नाही."

"का?"

मी खूप विचार केला, पण खरं उत्तर एकच होतं. म्हणालो, "तू घरची म्हणून."

तिनं ट्यूनिकची दुसरी बाही ओढून सरळ केली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली. मी तिथेच बसून राहिलो. माझ्यासारखा मूर्ख माणूस त्या क्षणी अख्ख्या इंग्लंडात नव्हता, आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडची त्याच्यापासून सुटका होणार होती.

शेवटच्या आठवड्यात ऑफिसात करण्यासारखं काही नव्हतं. लोक आपापले कप आणि पुस्तकं खोक्यांत भरत होते. एक प्रोग्रॅमर मात्र काम करत बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. रेकॉर्डिंग पाहिल्यापासून त्याच्या डोक्यातून तो "सॉरी" म्हणणारा माणूस जात नव्हता, असं तो म्हणाला. त्यानं हिरोचं साखळी गोळा करणं काढून टाकलं, खांद्याचं देखणं वळणही काढून टाकलं, आणि बटण दाबताच आकडा सुटेल असं केलं. त्याला दीड दिवस लागला.

शेवटच्या दिवशी बायको मला न्यायला गाडी घेऊन आली. खोकी होती म्हणून. ती हॉस्पिटलमधून तशीच आली होती, ट्यूनिकमध्ये. तिचाही त्या आठवड्यातच निरोप झाला होता. बाकीचे बहुतेक गेले होते. खाली पब्लिशरचा माणूस ट्रॉली घेऊन आला होता, कारण ज्या खास मशीनवर गेम चालायचा ती त्यांच्या मालकीची होती. त्यानं वायरी काढायला सुरुवात केली होती. डिझायनर त्याला म्हणाला, ते कोपऱ्यातलं शेवटी घे. मग माझ्या बायकोकडे वळून त्यानं विचारलं, पाच मिनिटं आहेत का?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बसली. कंट्रोलर हातात घेतला. आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहिलो. त्यानं हात खिशात घातले. मीही घातले.

ती पुलावर गेली आणि पडली. माझ्या तोंडात शब्द आले होते, मी ते दातांखाली धरून ठेवले. ती पुन्हा धावली. कडेला तिनं बटण दाबलं, आकडा सुटला, खांबाला लागला, आणि ती झोका घेऊन पलीकडे गेली. पलीकडे शहर होतं. चर्चचा मनोरा, घड्याळ, पाण्यावर हलणारे दिवे, तीन वर्षं बावीस माणसांनी एकेक वीट रचलेलं. ती त्या मनोऱ्यावर चढली, खाली उतरली, एका बंद दाराला आकडा लावून ते उपटलं, आणि स्वतःशीच हसली. दुसऱ्या पुलावर तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. पाच मिनिटांची वीस झाली. डिझायनर पडद्याकडे पाहत नव्हता. तो तिच्या हातांकडे पाहत होता.

ट्रॉलीवाला दारात येऊन उभा राहिला. खोकला. डिझायनरनं मला मानेनं खूण केली. त्याला स्वतःला ते सांगवत नव्हतं.

"वेळ संपली," मी म्हणालो.

तिनं कंट्रोलर ठेवला नाही. "थांब ना जरा," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता.

डिझायनरला मराठी येत नव्हतं, पण त्याला भाषांतर लागलं नाही. तो खिडकीकडे वळला आणि बराच वेळ कार्पेटच्या गोदामाकडे बघत राहिला. मी पुन्हा एकदा म्हणालो, "अगं, संपली वेळ." मग खाली वाकून तिची बोटं एकेक करून सोडवली, कंट्रोलरची वायर गुंडाळली आणि तो नेऊन ट्रॉलीवर ठेवला.